पृ. ८६ : ‘विमानाचा फिटर’

लेखकाला येथे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर (एएमई) अभिप्रेत आहे. नावात इंजिनिअर असला तरी बी.ई. लागत नाही, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन बारावी पुरते. अर्थात सातपुड्यातल्या मोलगीच्या मुलाला ‘पुरते’ म्हणणे सोपे नाही. गणित-विज्ञान शिकवणारा मास्तर आधी तिथे टिकायला हवा. खरी किंमत परवान्याची. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहून. बी-१ परवानाधारक इंजिन व सांगाडा पाहतो, बी-२ विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. परवानाधारकाची सही झाल्याशिवाय दुरुस्त विमान उडत नाही. हात बसतो तो बारीकसारीक कामांवर : बोल्टला लॉकवायर अशा दिशेने ओवायची की तो सैल होऊ लागला तर तार उलट ताणली जावी, चुकली की कापून पुन्हा. लेखकाने पुढे उल्लेखलेला ओझरचा एचएएल कारखाना १९६४चा, पण तो लढाऊ विमानांचा. तेथे आयटीआय झालेली मुले अप्रेंटिस म्हणूनही जातात. प्रवासी विमानांची मोठी दुरुस्ती नागपूरला, मिहानमध्ये होते. — संपा.