दुष्काळ, टंचाई आणि अवर्षण (शब्दभेद)

दुष्काळ, टंचाई आणि अवर्षण हे मराठीत बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जाणारे, परंतु अर्थच्छटेने भिन्न असलेले तीन शब्द आहेत. इंग्रजीतील फॅमिन, स्केअर्सिटी व ड्रॉट या शब्दांशी त्यांचा संबंध जोडला जातो. मात्र या जोड्या एकास एक जुळत नाहीत. बोलण्यात या शब्दांची अदलाबदल झाली तरी आशय कळतो. शासकीय आदेशात मात्र कोणता शब्द योजला आहे, यावर महसुलातील सूट, कर्जवसुलीस स्थगिती आणि विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी अवलंबून असू शकते. बीड जिल्ह्यासारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात त्यामुळे हा भेद केवळ शब्दकोशापुरता उरत नाही.

व्युत्पत्ती व अर्थच्छटा

‘दुष्काळ’ हा शब्द संस्कृत ‘दुष्काल’ यावरून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘वाईट काळ’ असा आहे. या शब्दात पावसाचा, पाण्याचा किंवा धान्याचा प्रत्यक्ष उल्लेख नाही. त्यामुळेच त्याची व्याप्ती मोठी आहे. पाऊस न पडल्याने येणारा तो कोरडा दुष्काळ आणि अतिवृष्टीने पिके गेल्यास तो ओला दुष्काळ, असे दोन्ही प्रयोग मराठीत रूढ आहेत.

‘अवर्षण’ म्हणजे पाऊस न पडणे. हा शब्द कारण सांगतो, परिणाम सांगत नाही. धरणात मागील वर्षाचा साठा असेल, तर कालव्याखालील शेतात अवर्षण असूनही दुष्काळ जाणवणार नाही.

‘टंचाई’ म्हणजे एखाद्या वस्तूचा तुटवडा. या शब्दाला वस्तूची जोड लागते. जसे पाणीटंचाई, चाराटंचाई, धान्यटंचाई. टंचाईला अवर्षणाची अट नाही. कोकणात व सह्याद्रीच्या डोंगराळ भागात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात अनेक गावांना टँकरने पाणी द्यावे लागते. तेथे पाणीटंचाई असते, दुष्काळ नसतो.

‘दुर्भिक्ष’ हा याच अर्थक्षेत्रातील ग्रांथिक शब्द आहे. भिक्षा मिळणेही कठीण होते ती स्थिती, असा त्याचा मूळ अर्थ आहे. अन्नाच्या अभावावर भर असल्यामुळे इंग्रजीतील फॅमिन या शब्दाला तो सर्वांत जवळचा ठरतो.

इंग्रजी पर्यायांची निवड

इंग्रजीत ड्रॉट हा शब्द पाऊस व पाणी यांच्या दीर्घ तुटीसाठी, स्केअर्सिटी हा कोणत्याही तुटवड्यासाठी आणि फॅमिन हा व्यापक उपासमार व भूकबळी यांसाठी वापरला जातो. ड्रॉटमधून स्केअर्सिटी आणि तिच्यातून फॅमिन निर्माण होऊ शकते, पण तसे होणे अटळ नसते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मधील ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळासह काही दुष्काळांचा अभ्यास मांडला. अन्नधान्याच्या उपलब्धतेत मोठी घट नसतानाही, ते मिळवण्याची क्षमता लोकांकडे नसेल तर भूकबळी पडू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

मराठीत या सर्व अवस्थांना ‘दुष्काळ’ हा एकच शब्द लावला जात असल्याने भाषांतर करताना प्रसंग पाहावा लागतो. दख्खनमधील १८७६–७८ च्या दुष्काळात लाखो माणसे दगावली. त्यासाठी फॅमिन हा शब्द योग्य आहे. १९७२ चा दुष्काळही तीव्र होता. तथापि मोठ्या प्रमाणावर काढलेल्या दुष्काळी कामांमुळे व्यापक भूकबळी टळले, असे अभ्यासक मानतात. म्हणून त्यासाठी सामान्यतः ड्रॉट हा शब्द वापरतात.

कायद्यातील शब्दबदल

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश प्रांतांमध्ये दुष्काळ संहिता तयार झाल्या. बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्य पुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

१९६३ मध्ये महाराष्ट्राने एक अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञा काढून टाकली व तिच्या जागी ‘स्केअर्सिटी’ म्हणजे टंचाई ही संज्ञा आणली. टंचाईची चिन्हे दिसताच शासन मदतीचे उपाय योजते, त्यामुळे फॅमिनची स्थिती उद्भवत नाही, अशी त्यामागील भूमिका होती. त्यानंतर नऊ वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. कायद्याच्या भाषेत ती टंचाई असली, तरी मराठवाड्यातील लोकांच्या तोंडी ‘बहात्तरचा दुष्काळ’ हाच शब्द राहिला. या काळातील कामांच्या अनुभवातून राज्याची रोजगार हमी योजना आकाराला आली व तिला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे बळ मिळाले.

‘दुष्काळसदृश’ हा शब्द

२०१५ मध्ये राज्य शासनाने पिकांच्या पैसेवारीच्या आधारे अनेक गावांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असल्याचे जाहीर केले. पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी असणे हा त्यातील निकष होता. ‘सदृश’ म्हणजे सारखे. सारखे असणे म्हणजे तेच असणे नव्हे. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. अखेर मे २०१६ मध्ये शासनाने ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, अशी दुरुस्ती मान्य केली. तिचा संबंध २९,००० हून अधिक गावांशी होता. त्याच वर्षी भारतीय हवामान विभागाने देशपातळीवरील वर्णनात ‘ड्रॉट’ हा शब्द न वापरता ‘तुटीचे वर्ष’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पावसाची तूट, पेरणीचे क्षेत्र, मृदेतील ओलावा, भूजल व उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती हे निर्देशांक तपासले जाऊ लागले आणि दुष्काळाचे ‘मध्यम’ व ‘गंभीर’ असे प्रकार ठरले. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. ३१ ऑक्टोबरला त्यांपैकी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बीड जिल्ह्यातील तालुक्यांचाही त्यात समावेश होता. २०२३ मध्ये दुष्काळ जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत वडवणी, धारूर व अंबाजोगाई हे बीडमधील तालुके होते. त्यानंतर अन्य तालुक्यांतील महसुली मंडळांत पुन्हा ‘दुष्काळसदृश’ हा शब्द वापरून सवलती देण्यात आल्या.

अशा घोषणेनंतर जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकरने पाणीपुरवठा आणि पंपांची वीजजोडणी न तोडणे हे उपाय लागू होतात.

ओला दुष्काळ

२०२५ च्या पावसाळ्यात बीडसह मराठवाड्यात अतिवृष्टीने मोठे नुकसान झाले आणि ओला दुष्काळ जाहीर करण्याची मागणी झाली. ही संज्ञा दुष्काळ संहितेत नाही, मात्र दुष्काळातील सवलती दिल्या जातील, अशी भूमिका शासनाने घेतली. लोकभाषेतील ‘दुष्काळ’ शासकीय व्याख्येपेक्षा किती व्यापक आहे, हे यातून दिसते.

वापरासंबंधी

केवळ पाऊस न पडल्याचे सांगायचे असल्यास ‘अवर्षण’, ठरावीक वस्तूच्या तुटवड्यासाठी ‘टंचाई’ आणि शेती, पाणी व जीवनमान या सर्वांवर आलेल्या संकटासाठी ‘दुष्काळ’ हा शब्द योजावा. अन्नाअभावी होणाऱ्या उपासमारीवर भर द्यायचा असल्यास ‘दुर्भिक्ष’ अधिक नेमका ठरतो. ‘दुष्काळसदृश’ हा शब्द शासकीय आदेशाचा हवाला देतानाच वापरणे इष्ट. गावाची प्रत्यक्ष स्थिती सांगताना त्यामुळे अर्थ संदिग्ध होतो.