घाणा थांबला तो कशाने?

वऱ्हाडातला तेलाचा घाणा कशाने बंद पडला, असे विचारले की 'यंत्राने' असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहिले तर उरलेले अर्धे उत्तर शेतातल्या बियाण्यात सापडते.

घाण्याची रचना साधी. जमिनीत पुरलेले उखळ, त्यात तिरकी फिरणारी लाट आणि तिला जुंपलेला, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातींविषयीच्या ग्रंथात तेल्यांचे पोटभेद घाण्याला एक बैल जुंपणारे आणि दोन जुंपणारे असे नोंदलेले आहेत. कोकणात हाच धंदा करणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनिवार तेली' ठरले. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे तेलीच. घाणा हे नुसते अवजार नव्हते. माणसांची ओळख त्यावरून ठरत होती.

खामगावच्या बाजारात एका पिढीजात तेलाच्या दुकानात मी गेलो होतो. पुढे पोत्यांत मोहरी, शेजारी लोणच्यासाठी मोहरीची डाळ, मागे करडी आणि जवसाच्या तेलाचे डबे. मोहरीचे तेल नव्हते. विचारले तर दुकानातले काका म्हणाले, "मोहरी आपल्याकडं फोडनीले अन् लोनच्याले. तेलाले करडी, जवस, तीळ." उत्तरेत मोहरी घाण्यात गेली, आपल्याकडे ती फोडणीत तडतडली किंवा फेसून लोणच्यात गेली. घाण्याचा विषय निघाला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आधी बी आना, मंग घाना पाहू."

त्या एका वाक्यात शंभर-दीडशे वर्षे आहेत. १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली आणि कापसाची ही पेठ मुंबईशी जोडली गेली. पुढे रॉकेल आले आणि दिव्याच्या तेलाचे गिऱ्हाईक गेले. घाण्याचा हा पहिला तोटा. तरी स्वयंपाकाचे तेल त्याच्याकडेच राहिले. १९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत घाणा सुधारण्याचे काम हाती घेतले. यंत्राशी टक्कर देता येईल, असा त्यामागे विश्वास होता.

तो विश्वास भाबडा नव्हता. तिळात निम्म्याच्या आसपास, जवसात चाळीस टक्क्यांच्या जवळपास आणि करडीत साधारण तीस टक्के तेल असते. लाटेच्या दाबाने ते निघते. सोयाबीनमध्ये मात्र तेल जेमतेम अठरा-वीस टक्के. नुसत्या दाबाने ते परवडेल इतके निघत नाही. त्यासाठी द्रावकाचा कारखाना लागतो. १९८६ साली केंद्राचे तेलबिया अभियान सुरू झाले. त्यानंतरच्या काळात बुलढाण्याच्या खरिपात सोयाबीन पसरले आणि रब्बीत त्यामागोमाग हरभरा आला. काटेरी करडी कापायला मजूर मिळेना. ज्वारीच्या कडेने असलेले तिचे पट्टे गेले, तसे जवसही आक्रसले. घाण्याला यंत्राने हरवण्याआधीच त्याच्या तोंडचा घास बदलला होता.

आता शहरांत 'लाकडी घाण्याचे तेल' महाग विकले जाते. बैलाऐवजी विजेची मोटर असते. त्याला माझी हरकत नाही. पण जुन्या घाण्याचा व्यवहार तेलापाशी संपत नव्हता. शेतकरी आपले बी घेऊन येई, तेल घरी नेई, आणि तेलाचा अंश उरलेली ढेप त्याच गावातल्या गुरांपुढे पडे. जे बी पेरले त्याचे काय झाले, हे गावाला दिसत असे. आज सोयाबीन बाजार समितीतून ट्रकने जाते आणि तेल पिशवीतून परत येते. घाण्याचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांनी लाकूड शोधण्याआधी करडीला भाव कोण देणार, हे विचारायला हवे.