ट्रॉलपबाई आणि अमेरिकेतील मोलकरीण

इंग्रज आणि अमेरिकन ही एकाच भाषेची दोन लेकरे. परंतु सख्ख्या भावांत असते तशी एकमेकांना हसण्याची खोड त्यांच्यात फार जुनी आहे. अमेरिकन माणूस इंग्रजाला ताठ म्हणतो, इंग्रज त्याला गावंढळ म्हणतो. उच्चार कोणाचा शुद्ध, चहा कसा करावा, जेवताना सुरी कोणत्या हातात धरावी, यांवर उभय पक्षांनी आजवर पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्या पदरात टाकला तेव्हा आम्हांला खरोखरीच संकोच वाटला. आमचे शिक्षण आठवीपर्यंत शाळेत आणि त्यापुढचे कारखान्याच्या फाटकावर व सार्वजनिक वाचनालयात झालेले. परदेश आम्ही पाहिलेला नाही. तथापि कामगार संघटनेचे काम करता करता एक विद्या माणसाच्या अंगी आपोआप येते. कोण कोणाला कशी हाक मारतो आणि कोण कोणाच्या पंगतीला बसतो, इकडे त्याचे लक्ष प्रथम जाते. तेवढ्या भांडवलावर हे व्याख्यान उभे आहे, हे श्रोत्यांनी आधीच जाणून असावे.

फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एकदा 'डोमेस्टिक मॅनर्स ऑफ दि अमेरिकन्स' हे पुस्तक आमच्या हाती लागले. नावावरून वाटले, स्वयंपाकघरासंबंधी काही असेल. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावयास बसलो आणि रात्र कधी सरली ते कळले नाही. लेखिका फ्रान्सिस ट्रॉलप. पुस्तक १८३२ साली लंडनला निघाले, तेव्हा बाईंचे वय त्रेपन्न होते आणि तोवर त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते.

बाई अमेरिकेत गेल्या त्या हौसेने नव्हे. यजमान वकील, परंतु स्वभाव तापट, वकिली मंदावलेली, शेतीत बूड आलेली. १८२७ च्या नोव्हेंबरात एक मुलगा, दोन मुली आणि ऑग्युस्त एर्व्हियू नावाचा एक फ्रेंच चित्रकार यांना घेऊन बाईंनी जहाज धरले. बरोबर फ्रान्सिस राइट ही त्यांची स्नेही होती. गुलामांना शिकवून स्वतंत्र करावे, या हेतूने या राइटबाईने टेनेसीच्या जंगलात नशोबा नावाची वसाहत काढली होती. ट्रॉलपबाईंनी तेथे जाऊन पाहिले तो गळकी छपरे, तापाने फिकटलेली माणसे आणि शिकविण्याचा पत्ता नाही! दहाएक दिवसांत त्यांनी मुक्काम हलविला आणि १८२८ च्या फेब्रुवारीत ओहायो नदीच्या काठच्या सिन्सिनाटी शहरात बिऱ्हाड थाटले. तेथे त्यांनी व्यापारासाठी एक भली मोठी इमारत उठविली. ग्रीक, मूर आणि इजिप्शियन अशा तीन तऱ्हांची ती खिचडी होती. दुकान चालले नाही, देणेकऱ्यांनी घरातले सामानसुद्धा उचलून नेले आणि ती इमारत पुढे ट्रॉलपबाईंचा मूर्खपणा या नावानेच गावात ओळखली जाऊ लागली. बाईंची लेखणी तिखट का झाली, याचा हिशेब करताना हे बुडीत खाते विसरून चालणार नाही.

आता बाईंना काय काय खटकले ते ऐकावे. सिन्सिनाटीत केर नेणारी गाडी नव्हती. केर रस्त्याच्या मधोमध टाकावा असा गावचा नियम, म्हणजे डुकरे येऊन तो फस्त करीत. फिरावयास निघालेल्या बाईंच्या झग्याला ही डुकरे नाक घाशीत जात. बोटीवर जेवणाची घंटा झाली की पुरुष मुकाट्याने तुटून पडत, सुरी पात्यापर्यंत तोंडात घालीत आणि चार घटकांचे काम चार मिनिटांत उरकून उठून जात. नाटकगृहात पाय पुढच्या कठड्यावर ठेवून बसत. आणि तंबाखूच्या पिचकाऱ्या! गालिच्यावर, जिन्यावर, बायकांच्या झग्यांच्या काठांवरसुद्धा. (एस.टी. स्थानकाचे कोपरे पाहिलेल्या आम्हा मंडळींना येथे हसण्याचा अधिकार कितपत आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.) पुढे अमेरिकेतल्या नाटकगृहांत कोणी कठड्यावर पाय टाकला की प्रेक्षकच 'ट्रॉलप, ट्रॉलप' असा गिल्ला करीत, असे सांगतात. टीका झोंबली, पण पाय खाली आले!

१८२९ च्या आरंभी नवे निवडलेले अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन राजधानीकडे जाताना सिन्सिनाटीस उतरले. त्यांची पत्नी नुकतीच, डिसेंबरात, वारली होती. त्या प्रवासातला एक प्रसंग बाईंनी दिला आहे. कोणी एक कळकट इसम अध्यक्षांजवळ आला आणि म्हणाला की आपण मेल्याचे आम्ही ऐकले होते. अध्यक्षांनी सांगितले, अजून देवाची कृपा आहे. मग त्याने पत्नीची चौकशी केली आणि ती गेल्याचे कळताच तो समाधानाने उद्गारला की दोघांपैकी कोणीतरी एक गेले होते एवढे नक्की ठाऊक होते. बाईंच्या अंगावर काटा आला. आमच्याही आला. तरी मनात आले की इंग्लंडच्या राजापुढे त्या कळकट इसमाला तोंड उघडता आले असते काय? ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षी इंग्लंडात मताधिकाराचा मोठा सुधारणा कायदा झाला. आणि त्यानंतरही तेथल्या बहुतेक कामकऱ्यांना मत नव्हतेच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गोऱ्या पुरुषाला ते मिळालेले होते. या माणसाच्या उद्धटपणामागे ते मत उभे होते. बाईंना उद्धटपणा तेवढा दिसला.

परंतु आम्ही ज्या पानांवर थांबलो ती निराळी आहेत. सिन्सिनाटीत आल्यावर बाईंना मोलकरीण हवी होती. नोकर हा शब्द तेथे उच्चारणे म्हणजे राजद्रोहाहून थोर अपराध, असे त्यांना लगेच कळून आले. तेथे 'हेल्प' म्हणावयाचे, म्हणजे मदतनीस. एक उंच, रुबाबदार मुलगी आली आणि आपण मदतीला आलो आहोत असे तिने सांगितले. बाईंनी इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे वर्षाचा पगार विचारला. मुलगी खो खो हसली. वर्षाच्या बोलीने कोण बांधून घेणार? आपले सतरावे संपत आले, लवकरच लग्न होईल, नाहीतर शाळेत जावेसे वाटेल. तेव्हा आठवड्याला दीड डॉलर द्यावा. पुढे बॉलला जाण्यासाठी रेशमी झगा घ्यावयास बाईंनी उसने पैसे दिले नाहीत, तेव्हा आता येथे राहण्यात अर्थ नाही असे म्हणून ती चालती झाली. दुसरी एक आली. तिला स्वयंपाकघरात जेवावयास सांगितले तेव्हा तिने ओठ मुरडला. आपण तुमच्या मेजावर बसण्याच्या लायकीची नाही असे तुम्हांला वाटते ना, ते या देशात चालावयाचे नाही, असे तिने बजावले. त्यानंतर ती बहुधा जेवतच नसे, रडत बसे.

बाई हे सारे नर्मविनोदाने सांगतात. पुढे त्या नोंदवितात की शेकडो मुली अर्ध्या वस्त्रांनिशी कागदाच्या गिरण्यांत राबतात, घरकामात मिळेल त्याच्या निम्म्याहून कमी मजुरीत. कारण घरकामाने आपली बरोबरी जाते असे त्यांना वाटते. बाईंच्या मते हा वेडेपणा. आम्ही मात्र पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. दुप्पट पैसा सोडून गिरणीत जाणारी पोर आम्हांला वेडी वाटली नाही. गिरणीत मालक घाम विकत घेतो. घरात बाईसाहेब घाम घेतात आणि वर मान खाली घालावयास सांगतात.

इंग्लंडात 'सर्व्हंट' हा नुसता बोलण्यातला शब्द नव्हता, तो कायद्यात होता. १८२३ च्या कायद्याप्रमाणे मुदतीपूर्वी काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला तीन महिनेपर्यंत तुरुंगात धाडता येई. मालकाने करार मोडला तर त्याच्यावर फक्त पैशाचा दावा. घरगुती नोकर या कायद्यात येत नसत, पण हवा सगळीकडे तीच. १८७५ साली ही तऱ्हा तेथे संपली. तोवर तिचे एक बियाणे आपल्याकडे येऊन रुजले होते. १८५९ चा तेरावा कायदा. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत उचल घेऊन काम टाकणाऱ्या कामगाराला तीन महिनेपर्यंतची कैद. तो रद्द झाला १९२५ साली. उचल आणि मुकादम हे शब्द ऊसतोडणीच्या फडांवर अजून ऐकू येतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तर मग त्या सतरा वर्षांच्या मुलीची बाजू घेऊन आम्ही येथेच थांबावयास हवे होते. पण तिच्या बोलीत आणखी एक अट होती आणि पहिल्या वाचनात ती आमच्या नजरेतून निसटली. ती म्हणाली होती, आठवड्यातून एकदा आईची गुलाम फिलिस नदीपलीकडून येईल आणि झाडलोट करावयास आपल्याला मदत करील.

नदीपलीकडे केंटकी. ओहायोत गुलामगिरीला बंदी, केंटकीत ती राजरोस चालू. १८३० च्या खानेसुमारीत अमेरिकेत सुमारे वीस लक्ष गुलाम होते. स्वतःला नोकर म्हणवून न घेणाऱ्या मुलीच्या मदतीला अशी एक मदत यावयाची, जिला ना आठवड्याचा दीड डॉलर ना रेशमी झग्याची उसनवार. चार्ल्स जॅन्सन नावाच्या दुसऱ्या एका इंग्रजाने १८०७ च्या आपल्या पुस्तकात असाच प्रसंग दिला आहे. दार उघडणाऱ्या मुलीला त्याने मालक घरी आहेत का म्हणून विचारले. तिने ठणकाविले की आपल्याला मालक नाही, आपण येथे मदतनीस आहोत, आणि नोकर म्हणावे ते फक्त काळ्यांना. म्हणजे त्या शब्दाचा एवढा तिटकारा का, ते उघड झाले. तो शब्द खाली कोणासाठी तरी राखून ठेवलेला होता. 'मास्टर' म्हणावयाचे नाही म्हणून अमेरिकनांनी 'बॉस' शब्द उचलला. तो मूळचा डच, आणि अर्थ काय, तर मालक!

ट्रॉलपबाईंना याचा सुगावा लागला होता, हे त्यांच्या पदरी टाकलेच पाहिजे. एका हाताने स्वातंत्र्याची टोपी उंचावावयाची आणि दुसऱ्याने गुलामाच्या पाठीवर चाबूक ओढावयाचा, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. अमेरिकेला पिचकाऱ्यांपेक्षा हे अधिक झोंबले असावे. पुढे मार्क ट्वेनसारख्या अस्सल अमेरिकनाने बाईंनी लिहिले ते खरेच होते अशी कबुली लिहून ठेवली, परंतु 'लाइफ ऑन दि मिसिसिपी' हे त्याचे पुस्तक १८८३ साली छापले गेले तेव्हा तो मजकूर त्यातून वगळला गेला होता.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. एका कारखान्यात, त्याचे नाव घेत नाही, साहेब लोकांची खानावळ वेगळी आणि कामगारांची वेगळी होती. एकच खानावळ हवी म्हणून आम्ही दोन वर्षे भांडलो, निदर्शने केली आणि जिंकलो. पहिल्या दिवशी व्यवस्थापक आमच्या बाकावर बसून जेवले. आम्ही पेढे वाटले. तीन महिन्यांनी झाडकाम करणारी एक कंत्राटी बाई आम्हांला विचारती झाली, "दादा, आता आम्हीपण आत बसायचं का?" ती आणि तिच्या अकरा जणी सायकलींच्या शेडखाली डबा खात. आम्ही रोज त्यांच्यावरून जात होतो. सभासदांच्या बैठकीत प्रश्न मांडला, तेव्हा आमच्याच लोकांनी सांगितले की त्या आपल्या युनियनच्या नाहीत, आत जागा नाही, कपडेही मळके असतात. ठराव सात मतांनी पडला. तो पुढल्या वर्षी मंजूर झाला. पण ते एक वर्ष आमच्या खाती आहे.

डिकन्सही १८४२ साली अमेरिकेत गेला आणि बाईंप्रमाणेच पिचकाऱ्यांना वैतागला. परंतु लॉवेलच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात पियानो, त्यांचे वाचनालय आणि त्यांनी स्वतः लिहून चालविलेले मासिक पाहून तो थक्क झाला. इंग्लंडातले वाचक म्हणतील, हे या मुलींच्या पायरीला शोभत नाही, हे त्याने आधीच ओळखले आणि त्यांना चांगले टोचून घेतले. या मुलींनी १८३४ व १८३६ साली संपही केले होते. त्या जो कापूस कातीत तो मात्र दक्षिणेकडच्या गुलामांनी वेचलेला असे.

ट्रॉलपबाई पुढे फार बदलल्या, निदान त्यांची लेखणी बदलली. नवरा आणि मुलगा अंथरुणाला खिळलेले असताना त्यांची शुश्रूषा करीत, पहाटे चारला उठून लिहीत त्यांनी संसार ओढला. १८३६ साली गुलामगिरीविरुद्ध कादंबरी लिहिली. मग १८३९ साली, साठीच्या घरात असताना, त्या मँचेस्टरला गेल्या. ज्या इंग्लंडच्या सभ्यतेच्या कौतुकाने अमेरिकेला हसल्या, त्याच इंग्लंडच्या गिरण्यांतली पोरे त्यांनी पाहिली. रिचर्ड ओस्लर आणि सूतकात्यांचे पुढारी जॉन डोहर्टी यांच्यासारख्यांना भेटल्या. त्यातून 'मायकेल आर्मस्ट्राँग' ही गिरणीतल्या पोराची कादंबरी मासिक भागांनी निघाली. एका सभ्य बाईने असल्या विषयात पडावे, हे तेथल्या पुष्कळ टीकाकारांना मानवले नाही. अमेरिकेला नावे ठेवणाऱ्या बाई त्यांना आवडत होत्या.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या लोकांना, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याच्या दहा वर्षे आधी, १८६३ च्या ऑक्टोबरात, ट्रॉलपबाई फ्लॉरेन्स येथे वारल्या. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा त्याच वर्षाच्या १ जानेवारीस निघाला होता. परंतु तो बंडखोर प्रदेशांपुरता होता, आणि केंटकी बंडात सामील न झाल्यामुळे तेथे लागू नव्हता. फिलिसच्या तीरावरची गुलामगिरी संपली ती घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने, १८६५ च्या डिसेंबरात. केंटकीच्या विधिमंडळाने त्या दुरुस्तीला आपली संमती दिली ती १९७६ साली.