कर्व्यांचे दुसरे पुस्तक

मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली नाका आज गोदामांसाठी ओळखला जातो. माल उतरेपर्यंत ट्रकचालकांना येथे ताटकळावे लागते, कधी कधी रात्रभरही. घरापासून दूर राहणाऱ्या अशाच पुरुषांना नजरेसमोर ठेवून एड्स-नियंत्रणाच्या योजना आखल्या गेल्या. निरोध म्हणजे काय हे यांना ठाऊकच नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ठाऊक असूनही तो खिशातच का राहतो, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी आम्हांस शंभर वर्षे मागे जावेसे वाटते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२३ साली दोन पुस्तके प्रसिद्ध केली: 'संततिनियमन' आणि 'गुप्तरोगांपासून बचाव'. पहिल्याचा विषय कर्व्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. दुसऱ्याचे नाव मराठीच्या पदवीधरांनाही बहुधा अपरिचित असते. कर्व्यांच्या लेखी मात्र दोन्ही एकाच विचाराच्या बाजू होत्या. रोग जंतूंमुळे होतो, पापामुळे नव्हे. तेव्हा त्यापासून बचाव करणे ही आरोग्याची बाब आहे, चारित्र्याची नव्हे. एवढे साधे म्हणण्याची किंमत मोठी होती. १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. (कर्व्यांची शैली कोरडी, प्रसंगी तुसडी आहे, पण तिच्यात आवाज कुठेही दबका होत नाही. मराठी गद्यात हा गुण दुर्मिळच.)

स्वतंत्र भारताने कर्व्यांचे पहिले पुस्तक जणू राबवले आणि दुसरे मिटून ठेवले. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला, १९६८ साली 'निरोध' बाजारात आला, तोही लाल त्रिकोणाच्या छायेत. निरोध म्हणजे मूल नको असताना वापरायची वस्तू, हा अर्थ त्यामुळे पक्का झाला. पुढचे ओघानेच आले. महाराष्ट्रात गर्भनिरोधनाचा मुख्य मार्ग स्त्रीची शस्त्रक्रिया हाच राहिला. बायकोचे 'ऑपरेशन' झाल्यावर घरात निरोध आणायला कारणच उरत नाही. कुणी आणलाच, तर तो कबुलीजबाब ठरतो. आणि बायकोने मागितला, तर आरोप. दोघेही गप्प बसतात. या गप्प बसण्याला अज्ञान म्हणणे आम्हांस पटत नाही; ती संसाराची अब्रू राखण्याची रीत आहे. म्हणूनच केवळ माहितीचे फलक तिच्यापुढे थिटे पडतात.

मग शिक्षणाने काय करावे? १९८६ साली देशात एचआयव्हीची लागण आढळल्यानंतर हा प्रश्न टाळणे शक्य नव्हते, तरी २००७ साली महाराष्ट्रातील शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळातील विरोधानंतर थांबवला गेला. विरोधाचा सूर ओळखीचा होता: मुले बिघडतील. कर्व्यांच्या फिर्यादींचाही आशय फारसा निराळा नव्हता.

विज्ञानाच्या पुस्तकात पुनरुत्पादनाचा धडा असतो आणि तो पुष्कळदा 'घरी वाचा' म्हणून उरकला जातो. पण आमच्या मते अडचण विज्ञानाइतकीच भाषेचीही आहे. 'मला तुझ्यावर संशय नाही, तरीही आपण काळजी घेऊ' हे वाक्य नवरा-बायकोला संकोचाविना उच्चारता येईल, असे मराठी वळण आपल्याकडे रुळलेलेच नाही. रोगाच्या नावातच 'गुप्त' आहे. मराठीच्या वर्गात 'समाजस्वास्थ्य'चा इतिहास सांगताना आपण मुखपृष्ठावरील नग्न चित्रांविषयी आणि खटल्यांविषयी बोलतो; त्यातले शरीराविषयीचे एखादे सरळ, निर्विकार पान मात्र वर्गात मोठ्याने वाचून दाखवत नाही.