मूळ यादीचे दप्तर

संकेतस्थळाच्या नावाला शेवटी डॉट कॉम, डॉट ऑर्ग असा प्रत्यय असतो. असे प्रत्यय किती असावेत आणि ते कोणी द्यावेत, याचा इतिहास मी शोधू लागलो तेव्हा कायदे आणि करारनामे हाती लागतील असे वाटले होते. पहिल्या पंधरा वर्षांत मला दिसला तो मुख्यतः एक माणूस आणि त्याने सांभाळलेली यादी.

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची उतरंड रचली. सर्वांत वर मूळ यादी, तिच्याखाली प्रत्यय, त्यांखाली आपली नावे. मूळ यादीत काय असावे हे प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील संशोधक जॉन पोस्टेल पाहत. गावचे दप्तर कुलकर्ण्याने सांभाळावे, तसेच हे होते. लोकांचा विश्वास होता. सनद कोणाची, हे फारसे कोणी विचारत नव्हते.

१९९५ मध्ये नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीने दोन वर्षांसाठी शंभर डॉलर आकारायला सुरुवात केली आणि दप्तराला बाजारभाव आला. युजीन काशपुरेफ यांनी 'अल्टरनिक' ही समांतर मूळ यादी थाटून स्वतःचे प्रत्यय देऊ केले. जुलै १९९७ मध्ये तर अधिकृत नोंदणीच्या पत्त्यावर जाणारे लोक त्यांनी आपल्याकडे वळवले. पुढे त्यांना कॅनडात अटक झाली. अमेरिकेत त्यांनी गुन्हा कबूल केला.

यानंतरचा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मूळ यादीच्या प्रती जगाला पुरवणारे तेरा सर्व्हर होते. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी त्यांपैकी आठ सर्व्हरच्या चालकांना ईमेल केला: यापुढे यादी कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता माझ्या सर्व्हरवरून घ्या. आठही जणांनी ऐकले. दोन्हीकडची यादी तीच असल्याने वापरणाऱ्यांना काही जाणवले नाही. अमेरिकी सरकारला मात्र जाणवले. ही चाचणी होती, असे पोस्टेल यांनी सांगितले आणि बदल मागे घेतला. त्याच वर्षी 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली आणि १६ ऑक्टोबरला पोस्टेल वारले.

काशपुरेफ यांना जे फसवणुकीनेही टिकवता आले नाही, ते पोस्टेल यांना एका पत्राने काही दिवसांपुरते साधले. तंत्र दोघांनाही ठाऊक होते. फरक चालकांच्या संमतीचा होता. २०११ मध्ये आलेल्या 'नेमकॉइन'ने मध्यवर्ती दप्तराशिवाय 'डॉट बिट' नावे देऊन दाखवली, पण नेहमीच्या ब्राउझरमध्ये ती सहजी उघडत नाहीत. एका नावाचा अर्थ सर्वांनी एकच घ्यावा, हे नुसत्या यंत्राने घडत नाही.

आयकॅनने २००० मध्ये सात नवे प्रत्यय निवडले. २०१२ च्या फेरीत १,९३० अर्ज आले. अर्जाचे शुल्क होते १,८५,००० डॉलर. दार रुंदावले, उंबरठाही उंचावला. देवनागरीतील 'डॉट भारत' देशासाठीच्या वेगळ्या वाटेने आला आणि २०१४ मध्ये मराठी, कोकणी, हिंदी अशा आठ भाषांसाठी खुला झाला. डॉट कॉमनंतर एकोणतीस वर्षांनी मराठी माणसाला पूर्ण पत्ता आपल्या लिपीत लिहिता आला.

दप्तर एकच राहील, असे या इतिहासावरून मला वाटते. म्हणूनच त्यात नोंद कोणाची होते, किती खर्चाने होते आणि किती उशिरा होते, हे आपण विचारत राहिले पाहिजे.