सासानी रौप्यमुद्रा व तिची परंपरा

इराणात अर्दशीर पहिला याने इ. स. २२४ मध्ये सासानी राज्य स्थापिले. या घराण्याचे मुख्य नाणे चांदीचे, वजनाने सुमारे ४ ग्रॅम, पातळ व रुंद असे. एका बाजूस मुकुटधारी राजाचे मुख व पहलवी लेख, दुसऱ्या बाजूस प्रज्वलित अग्निवेदी. प्रत्येक राजाचा मुकुट निराळा असल्यामुळे मुकुटावरून नाण्याचा धनी ओळखता येई.

पेरोझ राजास (इ. स. ४५९–४८४) हूणांनी युद्धात कैद केले. सुटकेसाठी त्याला जबर खंडणी मोजावी लागली, आणि पुढे त्यांच्याशीच लढताना तो रणात पडला. परंतु त्याचे नाणे मात्र जित झाले नाही. हूणांनी त्याच्याच नकला पाडल्या, त्या भारतात आल्या. गुजरात-राजस्थानात शतकानुशतके नकलांच्याही नकला होत गेल्या. अखेरीस राजमुख म्हणजे काही रेघा व अग्निवेदी म्हणजे काही ठिपके एवढेच उरले. हीच ती ‘गधैया’ नाणी होत.

राजा कोण, हे विस्मरणात गेले. चांदीचा कसही उतरला. तथापि ओळखीच्या घडणीवरील व्यापाऱ्यांचा विश्वास ढळला नाही. आपण नित्य उच्चारतो तो ‘दाम’ शब्दही त्या काळच्या ‘द्रम्म’ या नाणेनामापासूनच, म्हणजे मूळ ग्रीक ‘द्राख्मे’पासून, आपणांपर्यंत पोहोचला आहे. राज्ये लयास जातात. बाजारातील पत मात्र पिढ्यांनी जपलेली असते.