निर्वात भट्टीची पूर्वकथा

धातू वितळल्यावाचून त्याचे कण एकजीव होत नाहीत, असे आम्ही वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. ते सर्वस्वी खरे नव्हते. त्या विद्यार्थ्यांनी आता आम्हांस क्षमा करावी. चूर्ण दाबून वडी करावी व तिला वितळण्याच्या बिंदूखालीच दीर्घकाळ तापवावे, म्हणजे कणास कण जडून घट्ट पिंड होतो. यासच सिंटरिंग म्हणतात.

विलायतेतील विल्यम हाइड वुलस्टन हे या विद्येच्या आद्य आचार्यांपैकी एक होत. प्लॅटिनम वितळण्यास १७६८ अंश सेल्सिअस उष्णता हवी. तेवढी आच त्या काळच्या भट्टीत मिळेना. इ. स. १८०० मध्ये स्मिथसन टेनंट यांच्याशी भागी करून वुलस्टन यांनी सुमारे ६००० औंस कच्चे प्लॅटिनम घेतले. ते अम्लराजात विरघळवावयाचे, नवसागराने साका बसवावयाचा आणि तो तापवून धातूचे चूर्ण मिळवावयाचे, अशी त्यांची कृती. चूर्ण घोटण्यास खल व बत्ता दोन्ही लाकडी. कारण कठीण खलात कणांस झिलई चढते आणि मग ते एकमेकांस धरीत नाहीत. ओले चूर्ण पितळी साच्यात दाबून केलेली वडी कडक तापवून घणाखाली घडवीत. ही युक्ती त्यांनी सुमारे पाव शतक गुप्त राखली व तीवर पुष्कळ द्रव्य मिळविले. अखेर आजारपणी ती लिहून दिली. १८२८ च्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे तिचे वाचन झाले, डिसेंबरात ते निवर्तले. इतक्या गोपनाचे आम्हांस कौतुक वाटत नाही. शिवाय ते व्यर्थही ठरले, कारण रशियात सोबोलेव्स्की यांनी तशीच कृती स्वतंत्रपणे साधली होती आणि त्याच वर्षी तेथे प्लॅटिनमचे रुबल पडू लागले!

प्लॅटिनम हवेत जळत नाही, म्हणून हे निभावले. टंगस्टन ३४२२ अंशांवर वितळते. ते ओतण्याजोगी मूस नाही, आणि तापल्यावर हवा लागली की त्याचे भस्म होते. अमेरिकेत स्केनेक्टडी येथे विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास चूर्णाची कांडी हायड्रोजन वायूत विजेने तापवून पक्की केली व तप्त असता ठोकून तिची दिव्यासाठी तार ओढली. टँटलमला मात्र हायड्रोजनही सोसत नाही. तो शोषून ते ठिसूळ होते. तेथे सगळा वायूच काढून टाकणे भाग पडले.

निर्वात भट्टीचे पात्र पोलादी, दुहेरी भिंतीचे व पाण्याने थंड राखलेले असते. आतील हवा पंपाने ओढून घेतात. तापणारे अंग टंगस्टन, मॉलिब्डेनम वा ग्राफाइटचे. उघड्या हवेत ते जळून जाईल, येथे टिकते. उष्णता केवळ प्रारणाने पोचते, आणि भोवती पातळ पत्र्यांचे पडदे लावून ती आत कोंडतात. दिव्यासाठी घडविलेला धातू असा भट्टीच्या पोटात जाऊन बसला.

कुंभाराच्या कुळीतील पदार्थांसही याचा लाभ झाला. वडीच्या सूक्ष्म छिद्रांत हवा कोंडली की ती पुरती बुजत नाहीत. त्याच स्केनेक्टडीत रॉबर्ट कोबल यांनी ॲल्युमिनात किंचित मॅग्नेशिया मिसळून, हायड्रोजनात वा निर्वातात तापवून ही छिद्रे घालविली. १९६२ साली त्यांस पेटंट मिळाले. एरवी पांढरा व अपारदर्शक असणारा हा पदार्थ प्रकाश पलीकडे जाऊ देऊ लागला, आणि रस्त्यावरील पिवळ्या सोडियम दिव्यांची आतली नळी त्याचीच बनू लागली.